धुराड्याची राहिलेली उडी

माझ्या पहिल्या कादंबरीतलं गिरणीचं धुराडं मी उत्तरेला पाठवलं. ही चूक माझी एकट्याची. तिच्यात छापखान्याचा दोष नाही, त्यातल्या शिशाच्या अक्षरखिळ्यांचा नाही, आणि धुराड्याचा तर नाहीच. त्या काळात मी डिलाईल रोडवरच्या एका शाळेत पाचवीला भूगोल शिकवत होतो, हेही इथेच सांगून टाकतो. पुढे कुणीतरी काढणारच.

राहायला मी गिरगावात. गिरगावच्या वाडीत वाढलेल्या माणसाचा भूगोल साधा असतो. दादरला आत्या राहते म्हणून दादर मुंबईत धरायचं. माहीम म्हणजे गाव. त्यापलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे जग असल्याचं पुस्तकात छापलेलं आहे, तेव्हा असेलही. वर्गात मी नकाशावर काठी ठेवून उत्तर कुठली ते बिनचूक दाखवत असे. रस्त्यावर आलो की उत्तर कुठली हे ट्रामच्या कंडक्टरला ठाऊक असावं अशी माझी समजूत होती.

कादंबरीची सुरुवात वर्गातच झाली. दुपारच्या सुट्टीनंतरचा तास, मी नद्या सांगत होतो, आणि चाळीस पोरं खिडकीतून समोरच्या गिरणीच्या धुराड्याकडे बघत होती. मी वैतागून म्हणालो, "त्याला काय बघता? तेसुद्धा उभं राहून कंटाळलंय."

वर्ग गप्प झाला. नोकरीतल्या चार वर्षांत माझा वर्ग पहिल्यांदाच गप्प झाला.

"मग ते जात का नाही?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. तिचे वडील त्याच गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे, तेव्हा त्या धुराड्याशी तिचं घरचं नातं होतं.

सात वर्षांच्या मुलाला गोष्टीत राक्षस दिला की ते मुकाट्याने घेतं. दहा-अकरा वर्षांचं पोर विचारतं, राक्षस जेवतो काय, आणि त्याचं ताट कोण घासतं. याचं उत्तर तयार नसेल तर तुमचा राक्षस तिथेच मेला. माझ्या धुराड्याची अशीच उलटतपासणी झाली. त्याला पाय नाहीत तर चालेल कसं? पाय नाहीत कसे, मी म्हणालो, एक आहे. एका पायावर कसं चालतात? हे मात्र वर्गानेच सांगितलं: लंगडी. धुराडं लंगडी घालत समुद्र बघायला निघालं. एक उडी मारली की परळभर फळ्यांवरचे टोप खाली येणार, हेही वर्गानेच ठरवलं. शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, ते वळणार कसं?" घंटा व्हायला मिनिटभर होतं. मी म्हणालो, "वळता येत नाही त्याला. सरळ रेषेत जातं."

त्या रात्री हेच वाक्य मी पहिल्या प्रकरणात घातलं. वर त्याला भारदस्तपणा यावा म्हणून लिहिलं की धुराड्यांचा हा आदिम नियम असून तो आजवर कुणी मोडलेला नाही. नियमाशिवाय कल्पितकथा म्हणजे नुसता धूर, असं माझं तेव्हा मत होतं. मत चांगलं होतं. अंगाशी आलं, ती गोष्ट वेगळी.

छापखाना आमच्याच वाडीच्या तोंडाशी होता. मालकांचं मूळ घर सुरतेकडचं, पण त्यांचा जन्म गिरगावातला आणि मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. मुद्रितांतली माझी ऱ्हस्व-दीर्घं ते तपकीर ओढता ओढता दुरुस्त करत. लहान मुलांचं पुस्तक काढायचं त्यांच्या मनात फार दिवस होतं. अडचण एवढीच की त्यांच्याकडे सोळा पानांपुरतेच खिळे होते. त्यामुळे पुस्तक फर्म्याफर्म्याने छापायचं: सोळा पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडून परत पेटीत टाकायचे, आणि त्याच खिळ्यांतून पुढची सोळा पानं. म्हणजे मी दुसरं प्रकरण लिहीत असताना पहिलं छापून जिन्याखाली रचून ठेवलेलं असायचं. एकदा छापलं ते छापलं. "ब्रह्मदेवालासुद्धा दुरुस्ती करता येणार नाही," मालक सांगत, आणि ब्रह्मदेव आपल्याकडे कधी मुद्रितं घेऊन आला होता अशा सुरात सांगत.

पुस्तक येणार हे मी वाडीत सगळ्यांना सांगून बसलो होतो. आईने लोणच्याची बरणी हलवून फळीवर जागासुद्धा केली होती.

चौथ्या फर्म्यात मला खाडी हवी होती. धुराडं एका उडीत खाडी ओलांडतं, खालच्या होड्यांवर काजळी पडते आणि कोळी वर बघून धुराड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, असं दृश्य मला सुचलं होतं. माझ्या माहितीतली खाडी एकच, माहीमची. तेव्हा डिलाईल रोडवरून निघालेलं धुराडं मी दादर, माहीम करत खाडीपार नेलं आणि प्रकरणाच्या शेवटी लिहिलं, "आणि धुराडं उत्तरेच्या आकाशात दिसेनासं झालं." हे वाक्य मला इतकं आवडलं की ते मी आईला दोनदा वाचून दाखवलं. आई म्हणाली, छान आहे, पण ते जेवलं का?

शुक्रवारी छापलेली पानं वर्गात वाचली. 

"गुरुजी, धुराडं कुणी नेलं?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"कुणी नेलं नाही. स्वतः गेलं."

"त्याला समुद्रच बघायचा होता ना? मग वरळीला जायचं. दोन उड्या."

दोन उड्यांत कादंबरी संपली असती, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. "जरा लांबचा समुद्र बघायला गेलं," मी म्हणालो.

"उत्तरेला म्हणजे गुजरातेत?"

इथे मी नकाशाकडे वळलो. वर्गाला दाखवायला नव्हे, स्वतःच बघायला. खरंच की.

आता ते दिवस कसले होते हे सांगायला हवं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की वेगळी ठेवणार, की गुजरातेबरोबरच्या द्विभाषिक राज्यातच राहू देणार, याशिवाय त्या भागात दुसरा विषय नव्हता. भिंतीभिंतींवर "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" लिहिलेलं. पोरं विटीदांडू सोडून मोर्चा मोर्चा खेळत. आणि हा सगळा खेळ नव्हता. गोळीबार झाले होते. माझ्या विद्यार्थ्यांच्या चाळीतला एक तरणा मुलगा त्यात गेला होता. अशा दिवसांत, अशा वस्तीतून, भूगोलाच्या मास्तराने एक अख्खं धुराडं उचलून उत्तरेला रवाना केलं होतं.

शनिवारी शाळा सुटायच्या वेळी त्या मुलीचे वडील फाटकाशी उभे. बोलणं मालवणी, आवाज साच्यांच्या खडखडाटावर मात करायची सवय झालेला.

"मास्तरांनु, आमचा धुराडा खंय गेला?"

"अहो, ती गोष्ट आहे."

"गोष्टच असा. पण गेला खंय?"

"ते... पुढच्या प्रकरणात कळेल."

"म्हणजे तुमकाच ठावक नाय," ते म्हणाले. माझ्या लेखनाची इतकी अचूक परीक्षा पुढे कुणीच केली नाही. जाता जाता त्यांनी आणखी एक शंका काढली. धुराडं गेल्यामुळे गिरणी बंद पडली असणार, तर तो संप धरायचा की टाळेबंदी? त्यांच्या खात्यात सकाळपासून दोन तट पडले होते. मी म्हणालो, धुराडं रजेवर गेलंय असं समजा. "रजेचा अर्ज खंय असा?" त्यांनी विचारलं.

सोमवारी छापखान्यात गेलो तर खिळे पेटीत आणि ते जुळवणारा कंपोझिटर स्टुलावर हाताची घडी घालून बसलेला. हा तरुण माझ्या विद्यार्थ्यांच्याच चाळीत राहायचा, नव्याने बौद्ध झालेला, चाळीचं वाचनालय चालवायचा आणि मिळेल ते वाचायचा. फक्त कामावर वाचायचा नाही. जुळवताना तो अक्षरं बघे, अर्थ बघत नसे. अर्थ बघितला की हात मंदावतो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे स्वतः जुळवलेलं चौथं प्रकरण त्याला चाळीतल्या पोरांकडून कळलं होतं.

"पाचव्या फर्म्याला मी हात लावणार नाही," तो शांतपणे म्हणाला. "धुराडं परत येणार असं लिहून आणा, मग लावतो."

"आणतो परत. पुढच्या ओळीत वळवतो."

"वळता येत नाही त्याला. पहिला फर्मा, पान सात. हे मी घरी नेऊन वाचलंय. आदिम नियम, आजवर कुणी मोडलेला नाही. चमत्कारावर आमचा विश्वास नाही, गुरुजी, पण गोष्टीत धुराडं उडालं तर माझी हरकत नाही. ती गोष्ट आहे, पोथी नाही. तुम्ही नियम मात्र सांगितलात. आता तो पाळा."

मालकांनी तपकिरीची डबी खाडकन मिटली. त्यांचा राग निराळाच होता. "मास्तर, आमच्याकडे कशाला पाठवलंस ते? आमच्याकडे स्वतःची धुराडी काय कमी आहेत? तुझं आणखी एक आलं तर उभं कुठे करायचं?" मग ते मुद्द्यावर आले. जिन्याखाली चार फर्मे पडून होते आणि घरची माणसं त्यांना अडखळत होती. येत्या रविवारपर्यंत पाचवा मार्गी लागला नाही, तर सोमवारी ते चारही रद्दीत जाणार. एव्हाना शेंगदाणेवाल्याने येऊन कागद चाचपून पाहिला होता. पुड्यांना चांगला आहे म्हणाला.

आठवडाभर मी धुराडं वळवायचा प्रयत्न करत होतो. वादळ आणलं, पण वादळाने वळलं तरी ते वळणंच. गरुडांकडून उचलून आणायचं म्हटलं, तर इतके गरुड मुंबईच्या वाटेला येतात कशाला? एका रात्रीत सगळी मुंबईच उचलून धुराड्याच्या पुढे नेऊन ठेवायचा बेतही केला होता. त्या दिवसांत मुंबई जागची हलवणारा माणूस डिलाईल रोडवर टिकला असता का, हा विचार सुदैवाने वेळेवर आला.

रविवारी सकाळी चाळीच्या वाचनालयात सभा भरली. विषय एकच: धुराड्याचा प्रश्न. सतरंजीवर तीसेक माणसं, दारात बायका, खिडक्यांच्या गजांना पोरं. भिंतीवर त्या गेलेल्या मुलाचा हार घातलेला फोटो. तो दिसला आणि मी तयार करून नेलेले दोन विनोद तसेच गिळले. अध्यक्षस्थानी कंपोझिटर. मी शाळेतला पृथ्वीचा गोल काखेत मारून नेला होता, कारण गुजरात मुंबईपासून बरीच लांब आहे हे सिद्ध करायचा माझा विचार होता. गोलावर ती अर्ध्या नखावर निघाली.

सभा रीतसर चालली. धुराडं विनाविलंब परत यावं असा ठराव आला. त्याला "आहे त्या उंचीसह" अशी उपसूचना आली, वाटेत कुणी विटा काढून घेईल म्हणून. संप की टाळेबंदी हा प्रश्न दोन्ही तट बाह्या सरसावू लागल्यामुळे पुढे ढकलला. बाहेर पोरांनी "धुराड्यासह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" सुरू केलं आणि त्यांना एका आजीने ओरडून गप्प केलं. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"लेखकांनी सांगावं. न वळता परत कसं आणणार?"

 मी गोल फिरवत बसलो. चार फर्मे पुड्या होऊन चौपाटीवर हिंडताना मला दिसत होते. फळीवर लोणच्याची बरणी परत आलेली दिसत होती.

"सरळ जाऊ द्या ना," गजांमधून पहिल्या बाकाचा आवाज आला. "पृथ्वी गोल आहे असं तुम्हीच शिकवलंत. जात राहिलं की येईल."

सगळी सभा गोलाकडे वळली. मग तिच्या वडिलांनी खिशातून सूत काढलं, साचेवाल्याच्या खिशात ते असतंच, आणि गोलावर मुंबईशी टोक दाबून धरलं. मी उत्तरेकडून ताणत नेलं. सुरत आली, वाळवंट आलं, हिमालयाची टोकं आली. उत्तर ध्रुव ओलांडून सूत पलीकडे अमेरिकेत उतरलं, मोठ्या महासागरातून दक्षिण ध्रुव ओलांडून हिंदी महासागरात शिरलं आणि सरळ वर येऊन मुंबईला खालून लागलं. तीस माणसं वाकून बघत होती. भूगोलाच्या तासाला इतकं लक्ष मला आयुष्यात मिळालेलं नाही.

"आणि ह्या दिल्लीवरसून जातला मां?" मुलीचे वडील म्हणाले. "थंय थांबान निवेदन देवंदे."

दिल्ली सुतापासून करंगळीभर बाजूला होती. सूत ओढून पाहिलं, येईना. सभेची मोठी निराशा झाली. खूप चर्चेनंतर असं ठरलं की धुराडं दिल्लीच्या बाजूला तोंड न वळवता नुसता धूर सोडेल, वारा बघून. गुजरात त्याने एका उडीत ओलांडावी, मध्ये पाय टेकू नये, हे टाळ्यांनी संमत झालं. मालकांना संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्या आजोळावरून उडी मारताना जपून. तिथे कौलं आहेत."

पाचवा फर्मा कंपोझिटरने दोन दिवसांत जुळवला. पुढचे महिने मी झपाटल्यासारखा लिहीत होतो. धुराडं बर्फात गारठलं, त्याच्या धुराच्या उबेला पांढरी अस्वलं जमली. अमेरिकेत त्याला लोकांनी गिरणीत नोकरी देऊ केली, त्याने घरी वाट बघत असतील म्हणून सांगितलं. प्रत्येक फर्मा वर्गात वाचला जाई आणि संध्याकाळी चाळीत त्याचा हिशोब होई: आज कुठवर आलं? शेवटच्या फर्म्यात ते लक्षद्वीपापर्यंत येऊन पोचलं, आणि तो फर्मा मी नको तितक्या हौसेने लिहिला.

मुद्रितं हातात घेऊन मालक म्हणाले, "सोळा पानं म्हणजे सोळा पानं. हे सतरावं होतंय. एका पानासाठी नवा फर्मा चढवणार नाही. एक उडी काप."

तिथल्या तिथे कापायची होती. बर्फातली कापायची तर ते फर्मे केव्हाच छापून झालेले. समोर होत्या फक्त शेवटच्या दोन उड्या: समुद्रातून गिरगाव चौपाटीवर, आणि चौपाटीवरून डिलाईल रोडवर, जागच्या जागी. मी शेवटची कापली. जागा नव्हती हे खरं, पण सगळं खरं नव्हे. चौपाटीच्या वाळूत उभं राहून समुद्र बघणारं ते धुराडं मला आमच्या गॅलरीतून दिसत होतं. सकाळी दात घासताना दिसलं असतं. मी त्याच्याखाली "समाप्त" लिहिलं आणि वाक्यावर खूश होऊन घरी गेलो. कंपोझिटरने पान जुळवलं. अर्थ बघितला नाही.

पुस्तक आलं. आईने ते फळीवर ठेवलं, शेजारी बरणीही ठेवली, म्हणाली दोन्ही मावतात. पुढच्या रविवारी मी दहा प्रती घेऊन चाळीत गेलो. तीच सतरंजी, तीच माणसं, पोरं या वेळी आत बसलेली. मी शेवटचं प्रकरण मोठ्याने, आवाजात चढउतार करत वाचलं. धुराडं कुलाब्यावरून आलं तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. मग ते चौपाटीवर उतरलं, समुद्राकडे बघत उभं राहिलं, आणि मी "समाप्त" म्हणून पुस्तक मिटलं.

 कंपोझिटरने माझ्या हातातून प्रत घेतली, शेवटचं पान काढलं, आणि आपणच जुळवलेलं पान पहिल्यांदाच वाचल्यासारखं वाचलं. तसं ते पहिल्यांदाच होतं.

"पुढचा पान खंय असा?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"संपलं. सोळाच पानं बसत होती."

"म्हणजे इतकी पृथ्वी फिरान शेवटाक गिरगावात?"

"एकच उडी राहिलीय," मी म्हणालो. "मुलांनी ती कल्पनेने मारायची."

"गुरुजी, तुम्ही राहता कुठे?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"गिरगावात."

"चौपाटीच्या जवळ?"

"तशी जवळच."

ती वडिलांकडे वळली. "बाबा, आपण उगाच दुसऱ्यांवर संशय घेत होतो," ती म्हणाली. "धुराडं गुरुजींनीच नेलं."